गाण्यात हमीद कुठंय?

पहिल्या भेटीत मी हमीदभाईंच्या हातात गिटारच्या दोन तारा ठेवल्या. कागदाच्या पुडीत बांधलेल्या, त्यांच्यासाठी मुद्दाम विकत आणलेल्या. आदल्या आठवड्यात एका लग्नात मी त्यांना लांबून वाजवताना पाहिलं होतं. गिटारला चारच तारा. मला वाटलं, बिचाऱ्याच्या दोन तुटल्या असतील आणि सांगणार कुणाला म्हणून तसाच वाजवत असेल. हे मला वाटलं तेव्हा मी चारचौघांत स्वतःला रेकॉर्डिस्ट म्हणवून घेत होतो, एवढं लक्षात ठेवा.

हमीदभाईंनी पुडी सोडली, तारा उजेडात धरल्या, आणि अदबीनं म्हणाले, "साहेब, ही बास गिटार हाये. हिला चारच असतात. पण तुमचा दिल लई मोठा हाये. ठिवतो मी." त्या तारा त्यांनी खरंच ठेवल्या. दुकानात दोन खिळ्यांना ताणून त्यांच्यावर अभ्र्यांच्या कापडाचे नमुने टांगले. कुणी विचारलं की सांगायचे, "रेकॉर्डिस्ट साहेबांची भेट."

शहागंजात त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. अंगानं आडवे, भुवयांत बाराही महिने कापूस. कुणाच्याही घरी गेले तरी बसण्याआधी बैठक तळहातानं दाबून बघायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले, सोफा दाबला नि उभेच राहिले. म्हणाले, "भाभी, यात कापूस नाय, धोका हाये." आमच्या लग्नातला सोफा तो. शोभा, म्हणजे माझी बायको, रागावेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "भाऊजी, हेच मी इतके दिवस ह्यांना सांगतेय." तेव्हापासून ती दोघं एका पार्टीत आणि मी दुसऱ्या.

माझ्या 'स्टुडिओ'बद्दल सांगायला हवं. मी इरिगेशनमध्ये नोकरीला. मेहुण्यानं आखातातून येताना एक फोर-ट्रॅक आणला होता, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरून नंतर एकत्र करता येणारं कॅसेटचं यंत्र. त्याला ते चालवता येईना, म्हणून ते माझ्याकडे आलं. मलाही येत नव्हतं, पण मी कबूल केलं नाही. सिडकोतल्या घराची पुढची खोली स्टुडिओ झाली. रेकॉर्डिंग चालू असलं की फ्रिज बंद, पंखा बंद, कुकरची शिट्टी बंद. शोभा म्हणायची, "श्वास घेतला तर चालेल ना?"

हमीदभाई ज्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, त्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी स्वतःची गाणी कॅसेटवर काढायचं ठरवलं आणि माझ्या खोलीचं भाग्य उजळलं. त्या दिवसांत हमीदभाईंचं बासबद्दलचं मत ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. "गाणारा झोपलेला हाये, साहेब. बास म्हणजे त्याच्या खालची गादी. गादी चांगली असली तर झोपणाऱ्याला ती कळत नाय. गादी टोचली, का मग बोंब मारतो." हे सांगताना त्यांची छाती फुगायची. आपण किती लपून वाजवतो याची इतक्या मोठ्या आवाजात बढाई मारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "आजपर्यंत कुणी म्हटलं नाय, का हमीदभाई, काय वाजवलं! एक माणूस नाय!" असं ते विजयी सुरात सांगायचे.

एक माणूस मात्र होता, ज्यानं काहीतरी म्हणावं असं त्यांना फार वाटत होतं. त्यांचे अब्बा. अब्बा जुने पिंजारी. उमेदीत खांद्यावर पिंजण टाकून लासूर स्टेशनपासून देवगाव रंगारीपर्यंत घरोघर कापूस पिंजत हिंडलेले. पिंजण म्हणजे माणसाएवढी धनुकली. तिची तात लाकडी ठोकळ्यानं छेडली की धुंग, धुंग असा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि बायका जुन्या गाद्या घेऊन बाहेर यायच्या. आता अब्बा दुकानामागच्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. उशाशी वीतभर टेपरेकॉर्डर. कान शाबूत. मुलाच्या ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमांची प्रत्येक कॅसेट ते मन लावून ऐकायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "सब आये. गानेवाली आयी, ढोलकी आयी. इसमें हमीद कुठंय?"

हे मला हमीदभाईंनी एकदा चहा पिता पिता सांगितलं. गादीचं तत्त्वज्ञान त्या दिवशी तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, "मग समोर बसून वाजवा की!" ते म्हणाले, "वाजवलं ना. समोर बसलं का बाप पोराचं तोंड बघतो, ऐकत नाय. म्हणाले, दुबला हो गया तू. नक्को साहेब, गाण्यातच ऐकू आलं पायजे. अब्बा आता जास्त दिवस नाहीत. एकदा त्यांना गाण्यात मी सापडलो पायजे, बस."

मी म्हटलं, त्यात काय एवढं! बास वाढवतो.

आणि वाढवला. यंत्रावर बास वाढवायचं एक बटण असतं, ते मी शेवटपर्यंत पिळलं. बाकीच्यांचे आवाज आधीच भरून झाले होते. हमीदभाईंनी अँप, म्हणजे बासचा आवाज मोठा करणारा खोका, पुढच्या खोलीत मांडून पहिला सूर लावला, तशी स्वयंपाकघरातली मांडणी बोलायला लागली. वाट्या, फुलपात्रं, डब्यांची झाकणं, सगळी एका सुरात. शोभा एकेक वाटी उतरवून गादीवर ठेवत गेली. शेवटी गादीवर भांड्यांचं दुकान मांडल्यासारखं झालं, तेव्हा कुठं रेकॉर्डिंग पार पडलं. माझ्या मोठ्या स्पीकरवर ऐकलं तर छातीत घुमत होतं. आम्ही एकमेकांना मिठी मारली. अब्बांच्या वीतभर टेपवर लावलं, तर त्याच्या एवढ्याशा स्पीकरमधून नुसती वाफ. अब्बा म्हणाले, "ढोलकी को क्या हुआ? पाण्यात पडली का?"

मग हमीदभाईंनी उपाय काढला. "तुमच्या भिंती आवाज परत फेकतात, साहेब. माझ्या गोदामात करू. चारी बाजूंनी गाद्या. आवाज बाहेर जाणारच नाय." तसा तो गेलाच नाही. गेला तो कापसात. टेपवर हमीदभाई असे वाजले, जसे कुणी रजईच्या आतून बोलतंय. त्यांनी स्वतः ऐकलं नि म्हणाले, "कापूस पिऊन गेला सगळं. धंदाच दगाबाज हाये आपला." मग अँपशिवाय वायर थेट यंत्रात घालून पाहिली, तर आवाज रबर ताणल्यासारखा. प्रत्येक वेळी कॅसेट शहागंजात जायची, आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न घेऊन हमीदभाई परत यायचे. आताशा ते सोफाही दाबून बघत नव्हते. सरळ बसायचे.

अशाच एका दुपारी शोभानं आतून हाक मारली. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिचा छोटा टेप असायचा. आमच्या फसलेल्या कॅसेटी ती तिथं लावायची. म्हणायची, टाकून देण्यापेक्षा बरं. आम्ही आत गेलो. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "भाऊजी, ह्या कॅसेटमध्ये तुम्ही कुठंच नाही. पण त्या आधीच्या कॅसेटमध्ये मधेच एका ठिकाणी टक, टक असं येतं ना, तेवढ्यात तुम्ही मला दिसता. कुठं निघालात, कुठं वळलात, सगळं कळतं."

हमीदभाईंचा चेहरा पडला. "भाभी, ती तर गलती हाये. नखून लागला तारेला. लग्नसराई होती, कापायचा राहिला."

"गलती असू द्या नाहीतर काही असू द्या. ह्या डबीतून मला तेवढंच ऐकू येतं."

हमीदभाई तिथंच पाटावर बसले. उजव्या हाताची दोन बोटं डोळ्यांसमोर धरून बघत राहिले. आवाज मऊ यावा म्हणून हा माणूस इतकी वर्षं नखं घासून वाजवत होता. पोळी तव्यावर फुगली, उतरली, तेव्हा त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "गादीला टाके घालतो ना आम्ही, साहेब, ते वरून दिसतातच. गिऱ्हाईक म्हणतं, दिसायला नकोत. पण टाका नसला, का कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो. माझा कापूस कोपऱ्यात गेलाय. टाका दिसू द्या."

नख वाढवायचं ठरलं. गाद्या शिवणाऱ्या माणसानं नख वाढवणं हे प्रकरण सोपं नाही. ते सुईत अडकतं, कापडात अडकतं. हमीदभाईंनी दोन्ही बोटांना पट्ट्या गुंडाळल्या. गिऱ्हाईक विचारायचं, "काय लागलं, हमीदभाई?" ते म्हणायचे, "रेकॉर्डिंग लागलंय."

मग एके दिवशी आम्ही पुन्हा बसलो. अँप आमच्या झोपायच्या खोलीत, त्याच्या तोंडाशी एक माइक, मधलं दार बंद. हमीदभाई पुढच्या खोलीत, आणि दुसरा माइक त्यांच्या बोटांच्या अगदी जवळ. बासचं बटण मी काळजावर दगड ठेवून खाली आणलं. आतल्या माइकातून घुमारा येत होता, बाहेरच्यातून नखाचा टक. दोन्ही एकत्र केले आणि मी हेडफोन कानांवर दाबून धरला. इतके दिवस त्या आवाजाला नुसती पाठ होती, आता तोंड आलं होतं. गोल, जाडजूड, आणि प्रत्येक सुराच्या सुरुवातीला बारीकशी कड. शोभाच्या खिडकीतल्या डबीवर लावलं, तिथंही तो चालत आला. शोभानं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "जा आता शहागंजात."

मीही बरोबर गेलो. अब्बांच्या खोलीत बसायला जागा कमी, म्हणून मी दारात, गाद्यांच्या चळतीला टेकून. हमीदभाईंनी कॅसेट लावली आणि एक उशी मांडीवर घेतली. गाणं सुरू झालं. अब्बांचे डोळे मिटलेले. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, उशीकडे बघत होतो. हमीदभाईंनी तिची पार वडी केली होती. गाणं संपलं. अब्बा डोळे न उघडताच म्हणाले, "फिर से लगा."

दुसऱ्यांदा लागलं. या वेळी चादरीवर अब्बांचं एक बोट हलायला लागलं. गाणं पुढं गेलं आणि मध्येच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"दुसऱ्या कडव्याला तू मागं पडतोस," अब्बा म्हणाले.

"कौन? मैं?"

"और कौन? गानेवाली निघून गेली, आणि तू आपला आरामात येतोस. जाग्यावर ये ना रे!"

हमीदभाईंच्या हातातली उशी खाली पडली. "हौ अब्बा," ते म्हणाले, "लेट आता मैं." आणि डोळे पुसत हसायला लागले. बाहेर आले ते थेट शेजारच्या दुकानात. मग त्याच्या पलीकडच्या. "अब्बा बोले, मैं लेट आता! दुसऱ्या कडव्याला!" अख्ख्या शहागंजात ते स्वतःची चूक पेढ्यासारखी वाटत फिरले. घरी येऊन मी कॅसेट नीट ऐकली. खरंच मागं पडले होते. इतके दिवस ना ऑर्केस्ट्राला कळलं होतं, ना मला.

मी त्यांना म्हटलं, "तेवढं कडवं पुन्हा करू. फार वेळ नाही लागणार." त्यांनी दोन्ही हात जोडले. "नक्को साहेब. अब्बा रोज लावतात आणि रोज तिथंच शिव्या देतात. राहू द्या." अब्बा त्यानंतरचा हिवाळा पाहू शकले नाहीत. पुढं काही वर्षांनी हमीदभाईही गेले. त्यांच्या दुकानात आता फोमच्या गाद्या मिळतात.

शहागंजातून परत आलो त्या दुपारी मी जेवताना शोभाला सगळं रंगवून सांगितलं. अब्बांची आठी, पडलेली उशी, दुकानोदुकानी दिलेली खबर. ती पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन ऐकत होती. मी हात धुवायला उठलो, तशी म्हणाली, "अहो, एक कराल? कधीतरी माझ्या भाजीला नावं ठेवा. लग्न झाल्यापासून बघतेय, ताट स्वच्छ करता नि उठता. मीठ कमी आहे म्हणा, जळाली म्हणा. म्हणजे मला कळेल तरी, जेवताना तुम्ही इथं होता ते."