काकवीत बुडालेले विवाहपत्र

स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या ऑर्कनी द्वीपसमूहातल्या हेलिसे बेटावर चर्चखेरीज लग्न लावून घ्यायचे असेल, तर थोरा लिंकलेटर यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसावे लागते. एकतीस वर्षे थोराबाई बंदरावर बोटीची तिकिटे देत होत्या. नवऱ्याने मरताना पाद्री नको असे बजावले होते. त्याला निरोप द्यायला मोठ्या बेटावरून जी बाई आली, तिने देवाचे नाव न उच्चारता साऱ्या सभेचे चित्त असे एकाग्र केले की थोराबाईंनी तीच विद्या शिकून घेतली, रीतसर अधिकार मिळवला, आणि गेली नऊ वर्षे त्या लग्ने लावीत आल्या आहेत.

आलेल्या जोडप्यापुढे त्या चहा आणि जवाची भाकरी ठेवीत आणि विचारीत, "शेवटचं भांडण कशावरून झालं?" ज्यांना आठवत नसे, त्यांना आठवडाभराने पुन्हा बोलावीत. वधूवरांनी एकमेकांना द्यायच्या वचनांवरून त्या महिनाभर मायेने हात फिरवीत. मात्र कागदपत्रांच्या बाबतीत माया नव्हती. जन्माचे दाखले, निबंधकाकडे महिनाभर आधी द्यायची सूचना, आणि लग्नाच्या आठवड्यात दोघांपैकी एकाने स्वतः जाऊन आणायचे विवाहपत्र, ज्यावर लग्न लागताच सह्या व्हायच्या. "अंगठी विसरलात तर सुतळी बांधू," त्या म्हणत. "विवाहपत्र विसरलात तर मी तोंड उघडणार नाही."

इंगा रेंडल आणि इर्विन ड्रेव्हर यांनी हे चारदा ऐकले होते. लग्न मे महिन्यातल्या शनिवारी, दुपारी दोनला, रेंडलांच्या धान्यकोठारात ठरले होते. दुसरा दिवस चालणारच नव्हता. रविवारी पहाटे इर्विन चार महिन्यांसाठी जहाजावर जायचा होता.

त्या शनिवारी सकाळी नऊला तो थोराबाईंच्या दारात उभा राहिला. कानामागे काजळी, केसांत कोंबडीचे पीस. आदल्या दिवशी मित्रांनी त्याला रीतीप्रमाणे काळा केला होता: अंगावर काकवी, काजळी, पीठ आणि पिसे ओतून, उघड्या ट्रकला बांधून, डबे बडवीत बेटभर मिरवला होता. त्यात नवल नव्हते. नवरदेव काळा झाला नाही तर बेटाला त्याच्या संसाराची काळजी वाटते. परंतु मित्रांनी त्याला गाठले होते ते निबंधकांच्या फाटकातून बाहेर पडताना.

"थोराबाई, कागद आतल्या खिशात होता."

त्याने टेबलावर जे ठेवले, ते गुळाच्या जळक्या ढेकळासारखे दिसत होते.

"ह्याला कागद म्हणतोस?"

"कोपऱ्यात इंगाचं नाव दिसतंय की."

"अर्धं दिसतंय. अर्ध्या इंगाशी लावू का तुझं लग्न?"

मागून त्याचा पाठराखा सिंक्लेर पुढे झाला. काकवी त्याचीच होती. "बाई, लग्न आज लावून टाका, कागदाचं सोमवारी बघू. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," थोराबाई म्हणाल्या. "आणि कायद्यानं तो गुन्हा आहे."

कागद पाद्र्यालाही लागतोच; पण पाद्र्याच्या पाठीशी दोन सहस्र वर्षे उभी असतात, थोराबाईंच्या पाठीशी हे एक पान. तेच ढळले तर उरते ती केवळ गोड बोलणारी एक विधवा. त्यांनी गाडीची किल्ली उचलली.

निबंधक जीन स्कोले घरात नव्हत्या, फोनही उचलत नव्हत्या. त्या सापडल्या मागच्या कुरणात, गुडघे टेकून, एका अडलेल्या मेंढीजवळ.

"आज शनिवार," मान वर न करता त्या म्हणाल्या. "कार्यालय बंद."

"जीन, पोरगा उद्या जहाजावर चाललाय."

"आणि ही आत्ता चाललीय. दोन कोकरं बाहेर येऊ देत, मग कार्यालय उघडेल. नवरदेव, बघत काय उभा राहिलास? पाय धर तिचे."

दुसरे कोकरू यायला दुपारचा एक वाजला. मग जीनबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, घराच्या मागल्या खोलीतले कार्यालय उघडले, नोंद ताडून पाहिली आणि नवे विवाहपत्र दिले. जुने रद्द करून ठेवायचे म्हणून त्यांनी चिमट्याने उचलले. "चांगली काकवी वाया घालवलीत रे," एवढेच त्या बोलल्या.

कोठारात पोहोचायला पावणेतीन झाले. नवा कागद इर्विनच्या नव्हे, थोराबाईंच्या पिशवीत होता. त्यांनी उशिराचे कारण लपवले नाही. सारे जसेच्या तसे सांगितले. लोक खदखदून हसले. हसल्या नाहीत त्या फक्त इंगाच्या आजी, एक्याण्णव वर्षांच्या मार्गेटबाई. स्तोत्राविना लग्न म्हणजे त्यांच्या लेखी बाजारातला सौदा. म्हणून मुद्दाम दाराजवळ, शेवटच्या रांगेत बसल्या होत्या.

"थोरा," त्यांनी तिथूनच हाक दिली, "कागद मिळाला नसता तर?"

"तर लग्न लावलं नसतं."

"पोरगी नटूनथटून उभी असताना?"

"तरीही नाही. तिच्याबरोबर रडले असते, मार्गेटबाई. पण लावलं नसतं."

म्हातारीने नातवाला खूण केली. "माझी खुर्ची पुढं घे. इथून ऐकू येत नाही."

वचने दिली-घेतली गेली, हातांवर हात ठेवून त्यांभोवती वस्त्र गुंडाळले गेले, आणि विवाहपत्र पुढे आले. थोराबाईंनी, मग इंगाने, मग इर्विनने सही केली. इंगाची मैत्रीण साक्षीदार झाली. दुसरा साक्षीदार सिंक्लेर पुढे सरला, तोच थोराबाईंची नजर त्याच्या नखांवर गेली.

"तू नाही."

"बाई, तीनदा धुतलेत हो!"

"चौथ्यांदा धू. या पानाला तुझा स्पर्श नको."

सभा पुन्हा हसली. त्या हशात मार्गेटबाई काठी टेकीत टेबलापाशी आल्या.

"पेन आण. मी करते."

त्यांनी चष्मा लावला आणि पान पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. रस्सा निवत होता, वादक ताटकळले होते. कोणी त्यांना घाई केली नाही. शेवटी थरथरत्या पण सुवाच्य अक्षरांत त्यांनी नाव लिहिले. शाई वाळू दिली.

"हे तीन दिवसांत परत द्यायचं ना?"

"हो. इंगा नेऊन देईल."

"इंगा काही नेत नाही." आजींनी हातातल्या पिशवीतून बायबल काढले, दोन पानांच्या मधोमध विवाहपत्र सपाट ठेवले आणि वरून बायबलाची पट्टी आवळली. "सोमवारी दहाला मी स्वतः जीनच्या हातात देते. तोवर कोणी माझ्याजवळ काकवी आणू नका."