दादाचं रक्त आणि मामाचा मोर्चा

लग्नानंतर काही वर्षं घरात पाळणा हलला नाही, तर तपासणीची पहिली सुई कोणाच्या दंडात घुसते, सांगा?

सुदाममामा गेल्याचं मला घोडपदेवच्या आमच्या चाळीतल्या फळ्यावरून कळलं. पाणी कधी येणार, कोण वारलं, सगळं त्यावर मामाच लिहायचा. त्या संध्याकाळी कामावरून आले, तर अक्षर दुसऱ्याचं होतं...

मामा जुना गिरणी कामगार. मला अक्षरओळख झाली ती त्याच्या संपाच्या पत्रकांवरून, आणि संकोच हा शब्द त्यांत कुठेच नव्हता. मागच्या वर्षी माझी वहिनी दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत होती, आईने मागे लावलेले सोमवार करत होती. तिचे रिपोर्ट चांगले, तरी ओटी भरायला तिला कुणी बोलवत नव्हतं. डॉक्टरीणबाई दरवेळी सांगायच्या, नवऱ्यालाही आणा, त्याचे हार्मोन तपासू. दादा म्हणायचा, "मला काय झालंय? रोज जिमला जातो मी!"

"दंड नाय रे तपासूचे," मामा ओरडायचा, "रगात तपासूचा हा!"

शेवटी वहिनीने माहेरी जायला बॅग भरली आणि मामाने खडू उचलला. फळ्यावर ठळक अक्षरांत आलं: 'उद्या सकाळी उपाशीपोटी आमच्या भाच्याची टेस्टोस्टेरॉन तपासणी. पुरुषांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.'

आणि राहिले की! कॅरमवाले, भजनवाले, सगळे लालबागच्या लॅबमध्ये हजर. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट कोण?"

"आम्ही सगळे," मामा म्हणाला.

दादा लाजेने लाल. "मामा, घरी जा ना!"

"मोर्चाक एकटो कोण जाता, झिला?" असं म्हणत सत्तरी ओलांडलेला मामा बाही वर करून पहिला खुर्चीत बसला.

"काका, तुम्हाला कशाला?"

"पाठिंबा म्हणून."

रिपोर्ट आले. दादाचं हार्मोन कमी, मामाचं त्याच्याहून बरं! मामा ते फळ्यावर लिहायला निघाला, तेव्हा वहिनीने खडूच लपवला. दादाने रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली. मग आईला म्हणाला, "तिचे सोमवार आजपासून बंद. उपाशी राहायचं तर मी राहीन, रक्त द्यायला." वहिनीने बॅग रिकामी केली. उपचार चालू आहेत. मूल होईल, न होईल... तिच्याकडे बोट दाखवायची मात्र आता कोणाची हिंमत नाही.

'पुरुषांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे' ही ओळ वहिनी अजून कोणाला पुसू देत नाही. मामाच्या निधनाची बातमीही त्या ओळीच्या वरच लिहावी लागली. ओळ न जुमानता चाळीतल्या बायकाही स्मशानात आल्या. वहिनी सगळ्यांत पुढे.

मामासाठी हार आणू नका. तुमच्या घरातली बाई एकटी तपासणीला निघाली असेल, तर उद्या सकाळी उपाशीपोटी तिच्याबरोबर जा, आणि आधी तुमची बाही वर करा.