माणूस बघून बेतलेलं कपाट

सुताराने “असं कुणी करत नाही” म्हटलं आणि आमच्या शिवणवाल्या वहिनीचं डोकं फिरलं. कंबर मोडल्यामुळे नवरा पलंगावर आडवा. त्याला मान न उचलता टीव्ही दिसावा म्हणून तिला समोरच्या कोनाड्यात बुटकं कपाट हवं होतं.

“वहिनी, टीव्हीचं कपाट म्हणजे ब्लाउज नव्हे, माणूस बघून बेतायला!” सुतार म्हणाला.

“बघणार माणूसच ना? मग?” तिने त्याला वाटेला लावलं. माणसालाच सामानाच्या मापात कोंबणारे जगात थोडे आहेत का?

स्वतः पलंगावर आडवी होऊन तिने टेपने उंची घेतली. प्लायवूड आणलं, करवत उसनी मागितली आणि कपाट उभं केलं. पण ते कोनाड्यात शिरेना. हाताच्या सवयीने तिने प्रत्येक फळीला शिलाईसाठी जास्तीचं माप सोडलं होतं!

“घे, आता दुमडून टीप मार,” नवरा हसला.

“गप पडा. कमी पडलं असतं तर रडले असते. जास्तीचं छाटता येतं.”

तिने सगळं उकललं, फळ्या पुन्हा कापल्या. कपाट आत सरकलं, टीव्ही चढला.

“झकास दिसतंय!” नवरा म्हणाला.

“खोटं. मान ताणलीय तुम्ही,” म्हणत ती करवत घेऊन कपाटाचे पाय छाटायला बसली.