दार लावून बोलायचा फोन

दहिवलीपुढच्या आमच्या वाडीत तेव्हा एकच फोन होता, भातगिरणीवाल्या आबाजींच्या ओटीवर. कोंडाजी त्यांच्याच शेतात मजुरीला जायचा. बायको गेल्यावर त्यानं एकुलत्या जयाला एकट्यानं वाढवलं आणि मुंबईत परळला लग्न करून दिलं.

चौऱ्याऐंशी साली भाताच्या लावणीत जयाचा फोन आला. हाक ऐकून कोंडाजी चिखलाच्या पायांनीच धावत आला.

"लादीवर नको येऊस रं, आताच पुसलीय," आबाजींच्या बायकोनं, विमलबाईंनी, त्याला दारातच थांबवलं आणि वायर ताणून फोन बाहेर दिला. ओटीवर भाताचे व्यापारी चहा पीत बसले होते.

"बाबा, मला न्यायला या. ही लोकं मारत्यात मला. वान्याच्या दुकानातनं चोरून बोलतेय..."

जया रडत होती, ओरडून बोलत होती. ओटीवरचं बोलणं थांबलं. सगळे आपल्याकडेच बघतायत, हे कोंडाजीला मान वर न करताही कळलं. तो हसला.

"हां हां. इकडं समदं बरं हाय. तू जिवाला जप," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवून दिला.

"काय म्हणते पोर?" आबाजींनी विचारलं.

"सणाला येते म्हनली."

लावणी उरकेपर्यंत तो राबत राहिला. शेवटी बांधावर शेजारच्या धोंडूबाईला त्यानं सगळं सांगितलं.

"आन तू फोन ठेवलास?" ती एवढंच म्हणाली.

कोंडाजी तसाच उठून परळला गेला. जयाचा हात गळ्यात बांधलेला होता. फोन केल्याचं सासरी कळलं होतं. त्यानं तिला घरी आणलं, पण कोपर पुन्हा सरळ झालं नाही.

पुढच्या वर्षी पंचायतीत फोन आला. ग्रामसभेत सरपंच म्हणाले, "ज्यांना जमीन नाय, त्यांनी फोन फुकट करायचा. पैसे पंचायत भरंल. नावं सांगा."

भरसभेत आपली गरिबी कोण सांगणार? सगळे जमिनीकडे बघत बसले. कोंडाजी उठला.

"माजं नाव घ्या. पर फोन आतल्या खोलीत ठेवा. मानसाला दार लावून बोलता आलं पायजे."

"फुकटात फोन, वर दार पन?" मागून कुणीतरी हसलं.

"दार कशाला रं?" सरपंचांनी विचारलं.

 कोंडाजी खाली बसला. तेव्हा धोंडूबाई उठली. "दार पायजेच. आन माजं बी नाव घ्या." मग एकेक जण उठू लागला. फोन आतल्या खोलीत गेला.

त्या फोनवरून वाडीतली कितीतरी माणसं मोकळेपणी बोलली. कोंडाजी मात्र त्या खोलीत कधी गेला नाही.

एकदा तांदूळ निवडताना जयानं विचारलं, "बाबा, तवा माजं बोलनं आयकू आलं व्हतं का तुमाला?"

"लाईन खराब व्हती गं," कोंडाजी म्हणाला, आणि गुरांना पाणी पाजायचं निमित्त काढून बाहेर गेला.