तिच्या पिलांना कागद नाहीत

आमच्याकडे लॅब्रॅडॉरची पैदास होते असं सांगितलं की लोक पहिलं विचारतात, "वर्षाला किती पिलं काढता?" माझं डोकं तिथेच फिरतं. मी काय अंडी उबवते? नर-मादीची हाडं, डोळे, हृदय तपासायचं, मादीला दोन बाळंतपणांच्या मधे पुरती विश्रांती द्यायची, आणि मगच श्वानसंस्थेत पिलांची नोंदणी करायची. एखाद्या पिलात दोष निघाला तर त्याच्या नोंदणीच्या कागदावर शेरा मारून घ्यायचा, ‘प्रजननासाठी नाही’. पुढे त्याला पिलं झाली तरी संस्था त्यांची नोंद करत नाही. कागद मिळणार नाही म्हटलं की धंदेवाईक माणूस फिरकत नाही. या शेऱ्यावर माझा फार भरवसा होता.

एक पिवळी मादी पिलू असताना लशीला नेली तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. हृदयात दोष होता. "जपली तर जगेल," ते म्हणाले, "पण पिलं होऊ देऊ नका, ते ओझं हिला झेपायचं नाही. नसबंदी करावी तर भूल देणंही धोक्याचं." मी शेरा मारून घेतला आणि ती एरंडोलजवळच्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याला दिली. माणूस सज्जन, शब्दाचा पक्का. त्याला समोर बसवून बजावलं होतं, की हिला पिलं झाली तर ही मरेल. त्याची बायको तेव्हा कापूस वेचायला गेलेली, आली नव्हती.

दोनेक वर्षांनी त्या बायकोचाच फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "अक्का, गोड बातमी शे! तुमनी पोर पोटुशी शे. शुक्करवारले तिनी वटी भरनी शे, तुमले येनंच पडी."

ओटीभरणाला मी गेले ते भांडायलाच. अंगणात पाट मांडलेला, भोवती रांगोळी, शेजारणी जमलेल्या. मधोमध माझी पोर, गळ्यात झेंडूची माळ, पाठीवर हिरवं खणाचं कापड. मला पाहून शेपटी आपटायला लागली, पण उठली नाही. नुसतं बसल्या जागी तिला धाप लागत होती.

मी त्या बाईला आत नेऊन विचारलं, तुला कोणी काही सांगितलं नव्हतं?

"सांगेल व्हतं ना, पिल्लासले कागद नही भेटाव म्हनीसन," ती म्हणाली. "नही भेटो. आमले कोठे पिल्ला इकना शेत?" मग पदर सारखा करत हळूच म्हणाली, "बठ्ठा गाव माले जे म्हनस, ते तिले कोनी म्हनाले नको, अक्का."

तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. वांझ हा शब्द तिने अख्ख्या गावात कुठे कुठे ऐकला असेल कोण जाणे. म्हणून तिने धुळ्याच्या एका हौशी माणसाचा चांगला, कागदपत्रं असलेला नर शोधून आणवला होता. मी तिच्या नवऱ्याला शोधायला बाहेर आले.

नवरा गोठ्यामागे उभा होता. मान खाली. "घरमा ती गोट कशी काढू, अक्का?" एवढंच म्हणाला. हिच्या पोटी पिलं होऊ द्यायची नाहीत, हे वाक्य त्याला बायकोसमोर उच्चारता आलं नव्हतं. तिला लागेल म्हणून त्याने फक्त कागदाचं तेवढं सांगितलं, आणि जिवाच्या धोक्याचं गिळून टाकलं. त्याच्यावर ओरडावं तर कशासाठी, मायेसाठी?

डॉक्टर म्हणाले, आता काही करायला गेलो तर आत्ताच जाईल. वाट पाहा. आम्ही वाट पाहिली. तिने भर दुपारी पिलं दिली, एकेक चाटून कोरडं केलं, शेवटचं चाटता चाटता मान टाकली. ती बाई तिला हलवत राहिली. खरं काय ते मलाच सांगावं लागलं. ती रडली नाही, पिलांना दूध पाजायला बसली. मी मात्र जळगावला येईपर्यंत गाडीत हमसून हमसून रडले.

पिलं धावायला लागल्यावर ती त्यांना टोपलीत घालून माझ्या दारी आली. त्याआधी डॉक्टरांना दाखवून आली होती. एका पिलाच्या छातीत तोच दोष होता.

"अक्का, यासना कागद करी द्या," ती म्हणाली. तिने संस्थेत चौकशी केली होती. ज्याने शेरा मारून घेतला त्याने सही केली, तर शेरा उठतो. विकायचं तर नव्हतंच. तिला फक्त एवढंच हवं होतं, की कागदावर ‘आई’ असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे त्या मादीचं नाव यावं.

सही करणं माझ्या हातात होतं. मी त्या टोपलीकडे पाहिलं. आज हिच्यासाठी शेरा उठवला तर उद्या या पिलांची पिलं, त्यांची पिलं, रीतसर कागदांसकट त्याच छातीने जन्माला येणार. पिलांवर नवा शेरा मारून घ्यावा, तर तोही असाच कुणाच्या तरी सहीने उठणार. मी नाही म्हटलं. का, तेही सगळं सांगितलं, काही न गिळता.

तिने टोपलीवर फडकं पांघरलं.

"मंग माय म्हनीसन तिनं नाव कोठेच नही ऱ्हावाव?"

"नाही," मी म्हटलं.