पाच वाजताचं फाटक

रेक्टरबाईंनी माझं म्हणणं खरं मानलं नाही, अशी तक्रार मला करता येत नाही. त्यांनी दोन्ही वेळा माझं खरं मानलं. त्यातल्या दुसऱ्या वेळी मी खोटं बोलत होते, एवढंच.

नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं होती. आज बंद, उद्या मोर्चा, परवा परीक्षा पुढं ढकलली, असं सारखं चालायचं. मुलांच्या होस्टेलमधली काही दलित पोरं सुट्टीत गावाकडं जायला घाबरायची, आणि त्यांची भीती खरी होती. आमच्या कृषी विद्यापीठाच्या मोठ्या गेटवर पोलिसांची गाडी कायम उभी. सुरक्षा म्हटलं की आम्हाला ती गाडी आणि काचा फुटू नयेत म्हणून ऑफिसच्या खिडक्यांना लावलेल्या फळ्याच आठवायच्या. होस्टेलपासून कापसाच्या प्लॉटपर्यंत जाणारा फार्मचा कच्चा रस्ता मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंना पावसाळ्यात पुरुषभर उंच ज्वारी उभी असायची.

माझी रूम पार्टनर त्या रस्त्यानं रोज जायची. ती चारठाण्याकडच्या एका वाडीतली. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. वाडीतून दहावीच्या पुढं गेलेली ती एकटी मुलगी. एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा तिच्या वडिलांनी सोयरिकीच्या लोकांना दोन वर्षं थांबवून ठेवलं होतं. तिला सोडायला आले तेव्हा एस.टी. स्टँडवर माझ्यादेखत त्यांनी बजावलं, "दोन वर्सं म्हंजी दोन वर्सं. त्याच्यावर येक पावसाळाबी न्हाई."

आणि तिचं सगळं काम तर एका पावसाळ्यावरच उभं होतं. दोन जातींच्या कापसाचा संकर करायचा, तर उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळीच हेरावी लागते. पाकळ्या काढायच्या, आतले पुंकेसर नखानं अलगद खरवडून टाकायचे, मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, वर कागदी पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचं फूल आणून त्यावर पराग टेकवायचे. ऊन उतरल्यावर सुरू झालेलं हे काम दिवस मावळेपर्यंत चालतं. फुलोरा गेला की हंगाम गेला आणि हंगाम गेला की वर्ष गेलं. तिच्याकडं जादाचं वर्ष नव्हतं.

माझं तसं काही नव्हतं. माझं घर पोखर्णीच्या रस्त्याला, जमीन बक्कळ, भाऊ मोठे. माझ्या शिकण्याची घरी कुणाला घाई नव्हती. विषय मातीचा, त्यामुळं बहुतेक काम प्रयोगशाळेत, आणि प्रयोगशाळेला पाच वाजता कुलूप. वर मी तोंडाची फटकळ. मेसच्या पातळ वरणावरून मी एकदा आचाऱ्याला असं काही बोलले होते की आठवडाभर तो मला बघितलं की आत पळायचा. असल्या मुलीला कुणी हात लावणार नाही, असं मला वाटायचं.

गौरी-गणपतीच्या आगेमागे एका संध्याकाळी मी मातीचे नमुने घेऊन सायकलवरून परत येत होते. ज्वारीतून एक माणूस निघाला. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. त्यानं आधी कॅरिअर धरलं, मग माझं मनगट, आणि मला ज्वारीच्या बाजूला ओढायला लागला. मी किंचाळले. माझं ते तिखट तोंड कुठं गेलं होतं कुणास ठाऊक, एक शब्द फुटला नाही, नुसती किंकाळी. पलीकडून फार्मची बैलगाडी येत होती, तिचा खडखडाट ऐकून तो पळाला. मातीच्या पिशव्या रस्त्यावर फुटल्या होत्या. त्या गोळा करत मी तिथंच बसून रडले.

पार्टनरच मला रेक्टरबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी मला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पोलिसात जाण्यात अर्थ नाही. आधीच वातावरण तापलेलं, त्यात तुझं नाव पेपरात आलं तर?" त्या दुष्ट नव्हत्या. खरोखर घाबरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस लागली: सर्व मुलींनी पाच वाजेपर्यंत होस्टेलमध्ये यावे, पाचनंतर फाटक बंद राहील, फार्मवर एकटीने जाऊ नये. त्या माणसाला शोधायचं सोडून त्यांनी आम्हालाच कोंडून टाकलं.

मुली माझ्यावर जाम चिडल्या. वाचनालय बंद, गावातलं फिरणं बंद. मी जेवायला गेले की कुणीतरी म्हणायचं, "सरका गं, पोलीस पाटलीणबाई आल्या." मीही उलट बोलायचे. त्या चिडण्याचं मला काही वाटत नव्हतं.

मला वाटायचं ते पार्टनरचं. ती चिडलीच नाही. तिनं गाईडला विचारलं, गाईडनी फार्मवरच्या एका मजुराला काम नेमून दिलं. त्याचे हात नांगराचे. केसर मोडले आणि कळ्या गळाल्या. तिनं दुपारी तीनला जाऊन बघितलं, तर कळ्या अजून कोवळ्या, उद्याची कोणती आणि परवाची कोणती ते कळेना. दिवसामागून दिवस फुकट जायला लागले. पाच वाजले की ती खोलीतल्या खिडकीत उभी राहायची. तिथून प्लॉट दिसत नव्हता, पण ती त्याच दिशेला बघायची.

एकदा मी म्हणाले, "माझ्यामुळं झालं सगळं."

"तुझ्यामुळं कशाला? तू काय करायलीस त्याला," ती म्हणाली. मग खिडकीकडं तोंड करूनच बोलली, "पर कळ्या थांबत न्हाईत गं कुनासाठी."

तिनं मला काही करायला सांगितलं नव्हतं, हे मी इथं स्पष्ट लिहिते. मी आपण होऊन रेक्टरबाईंकडं गेले. म्हणाले, बाई, त्या दिवशी माझी ओढणी चाकात अडकली होती, मी पडले, समोरून एक माणूस येत होता, बहुतेक मला उचलायलाच आला असेल, मी उगीच घाबरले. बोलताना मी ओढणीनं मनगट झाकून घेतलं होतं. बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "होतं असं." त्यांना हेच ऐकायचं होतं, आणि मी ते त्यांना नीट वाढून दिलं.

ती नोटीस काढून टाकली, फाटक पुन्हा उघडं राहू लागलं. पार्टनर त्याच संध्याकाळी प्लॉटवर गेली. परत आली ती गुणगुणत. मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता. आज हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

तिच्यासोबत रोज जायचं मी कबूल केलं होतं. काही दिवस गेलेही. ती ओळीतून वाकून पुढं सरकायची, मी बांधावर बसून पिशव्यांचे दोरे सुटे करून द्यायचे. डास चावायचे. मला कंटाळा यायला लागला. एक दिवस वाचनालयात उशीर झाला, एक दिवस डोकं दुखलं, मग कारण सांगायचीही गरज उरली नाही. ती एकटीच जायला लागली. मी जाऊ दिलं. तो माणूस मला विसरला असेल, ती ज्वारी आता कापणीला आली असेल, असं काहीबाही मी मनाशी म्हणायचे. खरं म्हणजे, ओढणी चाकात अडकल्याची गोष्ट मी इतकी छान सांगितली होती की अर्धी मलाच पटली होती.

अशाच एका संध्याकाळी मी खाली हॉलमध्ये कॅरम खेळत होते. जिंकत होते. ती मागच्या बाजूनं सरळ न्हाणीघरात गेली, हे मला दिसलं आणि नवल वाटलं नाही. वर गेले तेव्हा ती कपडे बदलून पलंगावर बसली होती. केसात ज्वारीचं पान. दंडावर बोटांचे निळे वळ. पायाशी उरलेल्या कागदी पिशव्या नीट रचून ठेवलेल्या.

मला विचारायची गरजच नव्हती. मी तिचे हात धरले आणि बडबडत सुटले. आत्ताच्या आत्ता बाईंकडं जाऊ, मी सांगते, माझं पहिलं खरं होतं, मागाहून मी खोटं बोलले, सगळं सांगते.

तिनं मला बोलू दिलं. मग हात सोडवून घेतले.

"मी सुटून आले," ती म्हणाली. "लय धावले. आता तू मॅडमकडं गेलीस तर उद्यापासून फाटक बंद. अजून निम्म्या ओळी ऱ्हायल्यात."

"म्हणून गप्प बसायचं?"

"तू मॅडमला काय म्हनली होतीस? काईच झालं न्हाई. मग मलाबी काई झालं न्हाई."

ती रागानं बोलली असती तर मला सोसलं असतं. ती हिशेब जुळवल्यासारखं, शांतपणे बोलली. मग दिवा घालवून भिंतीकडं तोंड करून पडली. सकाळी पराग लावायला जायचं होतं तिला.

त्यानंतर मी एकही संध्याकाळ चुकवली नाही. हातात मातीचे नमुने काढायचा लोखंडी गज घेऊन बांधावर बसायचे. डास चावले तर चावू दे. तो पुन्हा दिसला नाही. बोंडं धरली, चांगली धरली. सरकी मोजून घेताना गाईडनी तिचं तोंड भरून कौतुक केलं. ती हसली आणि माझ्याकडं बघितलं नाही. आता तरी बोलायला हवं होतं, दोघींनीही. पण मी बोलले असते तर मला आधीचं खोटं कबूल करावं लागलं असतं, आणि बाईंनी तिला विचारलं असतं की मग तू का लपवलंस. तिच्या वडिलांच्या कानावर गेलं असतं तर दोन वर्षंही पुरी झाली नसती. दिवस गेले आणि ती गोष्ट आमच्या खोलीतच राहिली.

पुढच्या पावसाळ्यात पहिल्या वर्षाला एक नवी मुलगी आली. वालूरकडची, बारीक, हसरी, प्रत्येक वाक्याला "ताई" लावणारी. तिलाही कापसाचंच काम मिळालं आणि तोच प्लॉट. एका दुपारी ती आमच्या खोलीत आली. पार्टनर टेबलाशी प्रबंध लिहीत होती.

"ताई, फार्मच्या त्या रस्त्यानं संध्याकाळी येकटीनं गेलं तर चालतंय ना? भ्याव न्हाई ना काई?"

पार्टनरचा हात थांबला. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. उत्तर माझं होतं. ती ते माझ्याकडून काढून घेणार नव्हती, आणि मला मदतही करणार नव्हती.

मी म्हणाले, "एकटी नको जाऊ. तिकडं साप फार निघतात."

मुलगी डोळे मोठे करून "आई गं!" म्हणाली आणि गेली. पार्टनरनं मान खाली घातली आणि पुन्हा लिहायला लागली.

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला मी गॅलरीत उभी होते. ती मुलगी होस्टेलच्या फाटकातून बाहेर पडली. हातात कागदी पिशव्या, आणि पायात कुणाचे तरी मागून आणलेले गुडघ्यापर्यंतचे गमबूट. एकटीच होती. मी वरून हाक मारली. ती वळली, एक पाय उचलून मला तो बूट दाखवला आणि हसली.

मी हात हलवला.