आमच्या घरात पाण्यात कुणी जात नाही

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि इथे आखातात, अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगपासून समुद्र गाडीने वीस मिनिटांवर आहे. तरी गेल्या डिसेंबरात शाळेच्या पालक-सभेत पोहणं शिकवणाऱ्या बाईंनी मला सांगितलं, की ही पोरगी अख्खी टर्म तलावाच्या कडेला बाकावर बसून होती. कारण विचारल्यावर ती म्हणाली होती, आमच्या घरात पाण्यात कुणी जात नाही. काही घरांत कांदा-लसूण खात नाहीत, त्या सुरात. बाईंना वाटलं, आमच्या धर्माचा काही नियम असेल. तो मोडायला लावणं बरं नाही, म्हणून त्यांनी तिला बसू दिलं.

मी त्यांचे आभार मानून बाहेर आलो आणि गाडीत बसलो. नियम माझाच होता. फक्त मी तो कधी मोठ्याने सांगितला नव्हता.

मी लातूरकडचा. आमच्या लहानपणी पाणी टँकरने यायचं. कुणाला बुडून मरायचं असतं तरी आधी टँकर सांगावा लागला असता. पोहायला शिकायचा प्रश्नच नव्हता. इथे येऊन अकरा वर्षं झाली. समुद्रावर आम्ही जात नाही असं नाही. इथे उन्हाळ्यात वाळूवर पाय ठेववत नाही, म्हणून बाकीच्या जगाची उन्हाळ्यातली सहल आम्ही जानेवारीत काढतो. पण आमचं जाणं म्हणजे पँट दोन घड्या दुमडायची, घोट्यापर्यंत पाय ओले करायचे, चटईवर बसून डब्यातले पोहे खायचे आणि पोरीची कानटोपी जागेवर आहे ना ते बघत राहायचं. कानाला वारा लागेल, लाट ओढून नेईल, ताप येईल. ही वाक्यं मी तिला किती वेळा ऐकवली असतील, देव जाणे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मी हट्टी माणूस आहे. एरवी त्याचा त्रास बांधकामाच्या साइटवरच्या लोकांना होतो, त्या दिवशी मी तो स्वतःकडे वळवला. जानेवारी संपायच्या आत पोरगी पाण्यात उतरली पाहिजे, असं ठरवलं. पोहण्याचं सोडा, ते येईल नाहीतर न येईल. पण बाकावर बसायची एकदा सवय लागली की ती पुढे प्रत्येक गोष्टीच्या कडेला बसेल, आणि जागा मीच धरून दिलेली असेल, याची मला खरोखर भीती वाटत होती. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तिला ढकलायचं नाही. शब्द द्या." मी दिला.

पुढे एका शनिवारी बायकोला ऑफिस होतं. आम्ही दोघंच उम्म अल कुवैनला गेलो. तिथला किनारा उथळ, लांबपर्यंत कमरेइतकंच पाणी, आणि ओळखीचं कुणी भेटायची शक्यता कमी. खरं तर यातलं दुसरं कारण मोठं होतं. वारा सुटला होता, वाळू पोटऱ्यांना टोचत होती आणि गाडीतला तापमापक सोळा दाखवत होता. आमच्या मते कडाक्याची थंडी. जरा पलीकडे एक रशियन आजी निवांत पोहत होती. तिच्या गावचा उन्हाळा असाच असणार.

"यल्ला, चल," मी म्हणालो, "आज उतरायचं. फक्त गुडघ्यापर्यंत."

"नो, थँक यू."

"नंतर शोर्मा खाऊ. आणि आज चहासुद्धा देतो तुला."

"बाबा, इट्स टू कोल्ड. आय विल गेट फीव्हर. यू ओन्ली सेड."

"मी सांगितलं ते चुकीचं होतं."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग चटईवर बसून हुडी गुडघ्यांवरून खाली ओढली आणि म्हणाली, "यू गो. आय विल वॉच."

आता आली का पंचाईत. ढकलायचं नाही असा शब्द दिलेला, समजावून झालेलं, लाच देऊन झालेली. मी टी-शर्ट काढला, चटईवर फेकला आणि चालू लागलो.

पहिलं पाऊल पडलं तेव्हा पाणी थंड नव्हतं, चावरं होतं. गुडघे, मांड्या. कमरेला पाणी लागलं तेव्हा तोंडातून आपोआप रामनाम आलं. एवढ्या पाण्यात मी जन्मात कधी उभा राहिलो नव्हतो. पायांखालची वाळू सरकत होती. मागून हाक आली, "बाबा, इनफ." मी वळलो नाही. वळलो असतो तर तसाच चालत बाहेर आलो असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. "बाबा, प्लीज कम आउट." आता आवाज रडवेला होता. मी आणखी चार पावलं पुढे टाकली.

पाचव्या पावलाला वाळूत खड्डा होता. पाय गेला आणि मी डोक्यासकट पाण्याखाली. नाकातोंडात खारट पाणी, डोळ्यांपुढे हिरवट अंधार, आणि मनात एकच शब्द, खलास. मग पाय टेकले. उभा राहिलो तर पाणी छातीपर्यंतच होतं. एवढ्या पाण्यात बुडायला निघालेला माणूस त्या आजीने पहिल्यांदाच पाहिला असेल. तीही माझ्या दिशेने वळली होती.

पण तिच्या आधी माझी पोरगी येत होती. बूट घालून, हुडी घालून, कानटोपीसकट. पाणी तिच्या पोटापर्यंत आलं होतं. दोन्ही हात वर धरून, मोठ्याने रडत, ती एकेक पाऊल टाकत सरळ माझ्याकडे येत होती. मी तिला ढकललं नव्हतं, पण घाबरवून आणलं होतं, आणि ते काही फार वेगळं नाही. मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी अभिमानही वाटला, कारण ती थांबत नव्हती.

मी धडपडत तिच्याकडे गेलो. तिने माझं मनगट दोन्ही हातांनी पकडलं.

"वेअर यू स्केअर्ड?" तिने विचारलं.

नऊ वर्षांत मी या प्रश्नाला एकदाही खरं उत्तर दिलेलं नव्हतं. विमानात नाही, दवाखान्यात नाही, मधे नोकरी गेली होती तेव्हाही नाही.

"हो," मी म्हणालो. "खूप. अजूनही भीती वाटतेय."

तिने नाक पुसलं आणि किनाऱ्याकडे बघितलं. आता ती मला ओढत बाहेर नेणार, असं मला वाटलं.

"मी टू," ती म्हणाली, आणि मनगट न सोडता माझ्या शेजारी समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. पुढची लाट येताना दिसत होती. आम्ही दोघं थरथरत तिची वाट बघत होतो.